अडीच रियालची वाळू

रूवीत, मनी एक्स्चेंजच्या वरच्या मजल्यावर
सहा टेबलं, दोन एसी, त्यातला एक नावाला.
गुरुवारी रात्री दहानंतर तासाला दीड रियाल.
तिथे मी पहिल्यांदा खडू हातात धरला तेव्हा
काउंटरमागून पांगारकर ओरडले,
"ए वेल्डर, गिरमिट फिरवतोयस का?
भोक पाडायचंय कुणाला?"

महमूद पांगारकर, मुक्काम पोस्ट श्रीवर्धन.
रॅक लावणार, तास मोजणार, भांडणं सोडवणार,
सव्वीस वर्षांत स्वतः एकदाही पैशाला खेळले नाहीत.
माझ्या हातातला क्यू घेऊन त्यांनी
टोकाची चामड्याची टिकली ट्यूबलाइटखाली धरली.
डोळ्यात सुरमा घालतात तसं, म्हणाले,
टेकला न टेकला इतकाच.
कडेकडेने ओढायचा.
क्यू फिरवायचा, खडू नाही.
मग बघायचं, कुठे चमकतंय का.
चमकेल तिथून निसटेल.

"आणि ठेवताना तोंड वर.
उपडा ठेवलास तर कापडाला डाग,
आणि पगार माझा कापतात, तुझा नाही."

कुठला घ्यायचा तेही त्यांनीच सांगितलं.
मत्रहच्या सूकमधला डबा, रियालला बारा,
ऑगस्टच्या दमट हवेत भिजल्या पिठासारखा होतो,
टिकलीवर थापला जातो,
पांढऱ्या बॉलला देवी आल्यासारखे ठिपके सोडतो.
दुसरा, डबीत एकटाच बसून येतो,
अडीच रियाल.

अडीच रियाल म्हणजे किती, ते डोक्यात आपोआप होतं.
इथे आल्यापासून प्रत्येक वस्तूला दोन किमती,
एक चिठ्ठीवरची,
एक घरी कळली तर काय म्हणतील ती.
तीन गुरुवार मी ती डबी काचेतून नुसती बघितली.
चौथ्या गुरुवारी घेतली.
घरी सांगितलं नाही.

"खडू म्हणतात, पण खडू नाही हा,"
डबी देताना पांगारकर म्हणाले.
"आत वाळू असते. दळलेली."
मी हसतच सुटलो.
कंपनीच्या साइटवर दिवसभर डोळ्यांतून, नाकातून,
डब्यातल्या भातातून काढतो ती,
आणि शहरात येऊन विकत घेतो,
वर निळा रंग लावलेली!

रोडेलशी गेम लागला तो पंधरवड्यानंतर.
रोडेल सोहारचा क्रेनवाला,
फुकटचा खडू घासतो, रेल्वरचा,
ज्याच्यात इतरांनी खड्डा पाडलाय तोच,
आणि कुणाशी बोलत नाही.
माझा फक्त काळा उरलेला.
सरळ. पॉकेटच्या तोंडाशी. पोरानेही घेतला असता.

मी खडू लावला.
खिशात फोन थरथरत होता,
ज्या खिशात खडू असतो त्याच.
कोण आहे ते माहीत होतं, कशासाठी तेही.
वाकलो. मारला.

ठक्.

तो आवाज ओळखता येतो,
बाजूच्या टेबलावरचेही मान वर करतात.
पांढरा भलतीकडे गेला, काळा जागचा हलला नाही.
रोडेलने माझ्याकडे न बघता दोन बॉल घेतले, मग काळा.

"खडू लावला होतास?" पांगारकरांनी विचारलं.
"लावला होता की."
"बघितला होतास?"
मी काही बोललो नाही. त्यांनी पुढचा रॅक लावला.

शुक्रवारी सकाळी बादलीत शर्ट भिजवला.
खिशातून निळं सुटलं, सगळ्या पाण्याला लागलं.
खोलीतला सोलापूरचा इरण्णा म्हणाला,
नीळ जास्त झाली रे तुझी.
हं, म्हटलं.
आत होताच तो, एका कोपऱ्याने विरघळलेला,
खिडकीत कपड्यांशेजारी वाळत ठेवला,
तोंड वर करून.

मग फोन लावला.
बोटाच्या रेघांत अजून निळं होतं,
काचेवर उमटलं, नेमकं तिच्या नावावर.
शर्टाच्या टोकाने पुसलं, तर आणखी पसरलं.
रिंग जात होती.