मागणी

मे महिन्यात आमच्या ऑफिसात लोक
आधी माठाकडे जातात, मग नकाशाकडे.
सीताबर्डी, दुसरा माळा, खाली चष्म्याचं दुकान.
जिना चढून आलेला प्रत्येक जण पारा सांगतो,
जणू तो त्यानंच वर चढवलाय.
"थंड दाखवा काही."
मी साड्या उलगडाव्यात तसे पहाड उलगडते.
हा भारी पडेल. ह्यात मुलांना चालणं फार.
"अन् डायरेक्ट नाही का?"

डायरेक्ट नाही.
मुंबईला उतरायचं, चार तास खुर्चीत बसायचं,
सासूबाईंचे गुडघे, डब्यातली पुरी, दीडशेचा चहा.
जरीपटक्याचे हासानंद मोटवानी टेबलावर बोट आपटतात,
"समंदर पायजे मॅडम, बंबई नाही पायजे."
समुद्र तर आमच्यापासून
कुठूनही मोजला तरी लांबच.

फेब्रुवारीत कंपनीचा माणूस आला होता.
पूर्ण बाह्यांचा शर्ट, मांडीवर लॅपटॉप.
"गोव्याला थेट विमान टाकू. तुमच्या शहरात मागणी किती?"
मागणी, मी मनात म्हटलं,
आमच्या कौमुदीमावशीला तीन आल्या होत्या,
तिन्ही तिनं परत पाठवल्या
आणि पोस्टात नोकरी धरली.
त्याला मी सांगितलं, फॉर्म भरून घेते.

नाव. माणसं किती. कुठे. कधी. किती खर्चाल.
चारशे बारा फॉर्म भरले गेले
आणि जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, मे.
एकीनं 'कुठे'च्या रकान्यात लिहिलं होतं,
'जिथे संध्याकाळी काय करायचं हे मला कोणी विचारणार नाही.'
कंपनीच्या माणसाचा फोन आला,
मॅडम, हे कोणतं विमानतळ?

एकच फॉर्म नोव्हेंबरचा.
रेवाराम बोकडे, कूलर दुरुस्ती, माणसं दोन.
आमच्याही कूलरला वाळा तोच लावतो.
"मे मंदी कसा जाऊ ताई?
साऱ्या नागपूरले थंड करून राहिलो ना मी."
मी हसले.
आणि तो फॉर्म गठ्ठ्याच्या तळाशी घातला,
कारण एका फॉर्मानं विमान उडत नाही.

एप्रिलमध्ये विमान उडालं.
एकशे ऐंशी खुर्च्या, रोज भरलेल्या.
सोनेगावला मी स्वतः जाऊन पाहिलं,
टोप्या, फुगवायची बदकं,
चिवड्याचे डबे एक्स-रेमधून सरकताना.
मग जूनअखेर शाळा उघडल्या.
बदकं माळ्यावर गेली.
नव्वद. पंचावन्न. दिवाळीत पुन्हा थोडी गर्दी,
आणि त्यानंतर पत्र:
पुरेशा मागणीअभावी.

शेवटच्या फेरीला तेवीस प्रवासी होते.
त्यांतले दोन, रेवाराम आणि शेवंताबाई.
परतीचं तिकीट मी आगगाडीचं काढून दिलं,
दोन्ही खालचे बर्थ,
आणि पैसे घेताना खाली पाहिलं.

तिसऱ्या दिवशी फोन आला. मागे काहीतरी घरघरत होतं.
"ताई, ओलं वारं येऊन राहिलं,
रात्रंदिवस,
अन् मोटर कुठंच दिसत नाही!"
शेवंताबाई मागून म्हणत होती, पुरे झालं, पैसे पडतात.

यंदा मार्चमध्ये तो वाळा बदलायला आला.
तेच स्टूल, तोच पाना, तोंडात दोन खिळे.
जुनं गवत खाली पडलं, पांढरं, मीठ धरलेलं.
आमच्या पाण्याचंच मीठ,
पण त्यानं एक काडी उचलून जिभेला लावली,
आणि मी पाहतेय हे कळल्यावर फेकून दिली.
"ते विमान?"
बंद झालं, मी म्हटलं.
तो पंपात पाणी ओतत होता.
"जळलं नसन," म्हणाला,
"वर्षभर चालवाले लागते कोणतंही.
नाहीतर जाम होते."

मी ड्रॉवर उघडला.
कोरे फॉर्म अजून बरेच होते.
फोन वाजत होता. कोणीतरी पारा सांगणार होतं.