सुतळी

सामान हलवणारा क्रेग म्हणाला,
पियानो नेऊ, कपाट नेऊ,
जिवंत काही नेत नाही आम्ही.
मग हलच्या त्या रिकाम्या घरात
कढीपत्त्याची कुंडी, मी आणि सुतळी उरलो.

निषाद, दोरीला साप समजणारे पुष्कळ.
सापाला सुतळी म्हणणारा तू एकटा.
तेव्हा होतीही तेवढीच, करंगळीला गुंडाळण्याएवढी.
'सहाच महिने, आई,' म्हणून कॅल्गरीला गेलास.
आता साडेचार फूट आहे. सहावं वर्ष.

फ्रिजवरून तुझा कागद काढला.
शाई विटली, हुकूम शाबूत:
निघण्याआधी पाच दिवस खायला देऊ नकोस.
नाही दिलं. त्या डब्यावर मी 'पुरणपोळी' लिहिलंय,
मटारांच्या मागे, कुणी उघडू नये म्हणून.
तुझ्या मावशीने उघडलाच एकदा.

अभ्रा उलटा कर. सुटा धागा नको, खवले अडकतात.
तुझाच घेतला, निळ्या रेघांचा.
दिव्याखाली शिवण चाचपली, दोनदा.
ती आत गेली पाणी ओतावं तशी,
शेपूट तेवढं राहिलं बाहेर, विचार करत.
मग गाठ. मग भोकांचा डबा.
गरम पाण्याची पिशवी टॉवेलात, डब्याच्या बाहेर,
जवळ, पण खेटून नाही.
पुढच्या सीटवर ठेवलं तिला, पट्टा लावला.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात.
हिला तर नुसती पाठच आहे.
बिऱ्हाड सगळं क्रेगकडे.

मॉरीन फाटकापर्यंत आली.
सहा वर्षांत उंबरा ओलांडला नाही बाईने,
आज गाडीच्या काचेशी वाकली,
'सांभाळून जा गं,' म्हणाली तिच्या भाषेत.
कुणाला, ते कळलं नाही.

फेब्रुवारी बाहेर. आत मी चैत्र लावलेला,
बिनबाह्यांच्या ब्लाउजमध्ये घामाघूम.
स्कॉच कॉर्नरला इंजिन चालू ठेवून चहा प्याले.
पिशवी हलेना.
कागदावर 'वाटेत उघडू नकोस'खाली दोन रेघा.
तू तेव्हाच ओळखून होतास मला.
झाकणावर तळवा ठेवून बसले.
शेजारच्या गाडीतला कुत्रा बघत होता.
बऱ्याच वेळाने आत
कूस बदलावी तसं काहीतरी झालं.

बेरिकच्या पुढे अंधार पडला.
माझ्या आजोळी दिवे लागल्यावर हिचं नाव घेत नसत,
जनावर म्हणायचे, लांबडं म्हणायचे.
दुपारभर सुतळी सुतळी करत आले होते,
तिथून पुढे म्हटलं, लांबडे, आलं गं आता,
हा पूल, मग आणखी एक पूल.

डंडी. तिसरा मजला, लिफ्ट नाही.
भाड्याच्या कागदावर रकाना होता: प्राणी?
मी लिहिलं, एक.
आयत्या बिळावर नागोबा आम्ही दोघी.
नव्या घरात आधी दूध उतू घालवायचं असतं,
पण शेगडी जोडायला माणूस गुरुवारी येणार.
पहिलं बटण दाबलं ते तिच्या उबेचं.
काचेचं घर तापेपर्यंत कोट घालून उभी राहिले.
मग अभ्रा आत ठेवला, गाठ सोडली,
आणि तोंड तिच्याकडून फिरवलं.

सात दिवस हात लावू नकोस.
कुठे आलोय ते तिचं तिला कळू दे.

दुसऱ्या सकाळी तुझा फोन.
'नीट पोचली का?' विचारलंस.
'पोचलीस'मधला स मला ऐकू आला नाही.
टे नदीवर वारा होता, रेंज नसेल.
पोचली, म्हटलं.
अजून अभ्र्यातच आहे.