अठरा मिनिटं

लेलंडनं विजेच्या बिलाच्या पाठीवर
दोन रकाने आखले.
डावीकडे केबलवाल्यांचा खोका:
महिन्याला वीस डॉलर भाडं,
आपण मेलो तरी चालू राहील, तो म्हणाला.
उजवीकडे छपरावर अँटेना,
आणि एका निवृत्त पोस्टमास्तरकडचा
वापरलेला रेकॉर्डर, चाळीसला,
रिमोटवरचं सातचं बटण गेलेलं.
सातवर काय लागतं, मी विचारलं.
काही नाही. घेऊन टाकू.

भाचा म्हणत होता, मावशी, सगळं इंटरनेटवर घ्या,
जाहिराती नको असतील तर वर आठ डॉलर.
म्हणजे त्यांनी गप्प बसायचे पैसे आपण द्यायचे,
लेलंड म्हणाला.
सदतीस वर्षं त्यानं सुपीरियरच्या गोदीत
गव्हाची जहाजं भरली.
कुणी काटा मारला तर त्याला पाठमोऱ्यानं कळतं.

ऑक्टोबरात शिडी लावली.
तो वर, मी खाली शिडी धरून,
शेजारची मिर्ना आत टीव्हीसमोर.
खाडीपलीकडे डुलुथच्या टेकडीवर
मनोऱ्यांचे लाल दिवे.
पूर्वी मुंग्या यायच्या पडद्यावर, आता चौकोन येतात.
हवामानवाल्याचं डोकं चौकोनी झालंय, मिर्ना ओरडली.
जरा डावीकडे.
आता तोंड आहे, आवाज नाही.
तसंच राहू द्या, मी म्हटलं,
पण छपरावर कुणाला विनोद ऐकू जात नाही.

मग वायर, पट्ट्या, साठवणीची डिस्क.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
तरी एप्रिलपर्यंत वसूल,
त्यानं बिलाच्या कोपऱ्यात लिहिलं
आणि खाली दोन रेघा ओढल्या.

पहिल्या रात्री तासाची गुप्तहेर मालिका
बेचाळीस मिनिटांत संपली.
तीस सेकंदांची एकेक उडी:
चिखलातून डोंगर चढणारे ट्रक गेले,
पतंग उडवणारे मधुमेही गेले,
एकदा उडी जास्त पडली आणि प्रेत आधीच सापडलं,
मग मागे, मग पुन्हा पुढे.
त्याच्या चेहऱ्यावर असं हसू
मी पगारवाढीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

उरलेल्या अठरा मिनिटांचं काय करायचं
ते बिलावर कुठं लिहिलं नव्हतं.
आम्ही लवकर झोपू लागलो.

आधी मी ब्रेकमध्ये उठायची.
तवा घासायची, गुडघे सरळ करायची,
त्याची गोळी आणि पाणी आणून द्यायची.
गेल्या मार्चमध्ये
एका गादीच्या जाहिरातीत तो म्हणाला होता,
जिना चढताना इथं दुखतं.
इथं म्हणजे कुठं, ते दुसऱ्या जाहिरातीत सांगितलं.
मालिका सुरू झाली आणि तो मिटला.
माझा नवरा असाच आहे.
दोन्हीकडून कुंपण असेल
तेवढ्याच जागेत तो बोलतो.

फेब्रुवारीत एका रात्री
मी रिमोट मांडीखाली घेतला.
अगं, ब्रेक आलाय.
येऊ दे.
सतरंज्यांच्या दुकानाचा म्हातारा मालक
टोपी घालून सांगत होता,
रविवार शेवटचा दिवस, रविवार शेवटचा दिवस.
नाताळातच बंद झालं ते दुकान, लेलंड म्हणाला.
हो, मी म्हटलं. काचेवर कागद लावलेत.
मग ट्रक. मग चीज.
मग तो पडद्याकडे बघतच म्हणाला,
गुरुवारी परत बोलावलंय.
किती वाजता?
सव्वानऊ.
गाडी मी चालवीन.
बरं.

मालिका सुरू झाली होती.
गुप्तहेर बाई एका दारावर थाप मारत होती,
कुणाच्या, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.
मागे घेऊ का, त्यानं विचारलं.
हात पुढे केला, रिमोटसाठी असावा.
मी रिमोट काही दिला नाही.
रस्त्यावरून बर्फ लोटणारी गाडी गेली
आणि दार उघडणाऱ्याचं तोंड चौकोनी झालं.