दुसरी रेघ

पहिल्यांदा दोन रेघा आल्या तेव्हा
‘तीन महिने कुणाला सांगू नको’ म्हणत
सासूबाई स्वतःच हुपरीच्या अख्ख्या गल्लीत सांगून आल्या.

पुढच्या खेपेला दवाखान्याच्या खिडकीत
बोटातलं दोन थेंब रक्त, तसलंच पांढरं कार्ड,
आणि परत दोन रेघा.
मी हसले. मला वाटलं, जुळी.

मुजावर सिस्टर हसल्या नाहीत.
स्टूल पुढं ओढून म्हणाल्या, त्रिशला, बस.
ह्या कार्डावर एकच यायला पाहिजे होती गं.

कावीळ म्हणे, पण डोळ्यांत न दिसणारी,
गप बसून राहिलेली, कधीपासून कोण जाणे.
श्रेणिकचं रक्त तपासलं. एकच रेघ.
मग सगळं घर माझ्याकडं बघायला लागलं :
कुठनं आणलीस?

माझा कप वेगळा झाला.
त्यावर माझं नाव आधीच कोरलेलं होतं,
म्हणून कळायला चार दिवस लागले.

पैंजणाला घुंगरं जोडत बसायची मी.
ज्योत, डाख, चिमटा. ज्योत, डाख...
एका दुपारी हात थांबला.

आई.
गडहिंग्लजच्या घरात, भिंतीकडं तोंड करून,
फुगलेलं पोट, वय एकोणचाळीस.
भावकी म्हणाली करणी, अण्णा म्हणाले नशीब.
कार्ड कुणी दाखवलं नव्हतं तिला.
तिनं दिलेलं सगळं मी मोजलं :
पैंजणांचा एक जोड, बिडाचा तवा,
आणि बहुतेक ही.
जन्मताच. तिलाही न कळता.

सिस्टर म्हणाल्या, असंल.
तू रोज रात्रीची गोळी चुकवू नको.
बाळाला बारा तासांच्या आत दोन सुया, दोन मांड्यांत.
आणि दूध पाज. कोण काय बी म्हणू दे.

कळा सुरू झाल्या त्या रात्री
चार महिने धड न बोललेला श्रेणिक
कोल्हापुरातनं औषध घेऊन आला,
बर्फाचा डबा पोटाशी, सदरा ओलाचिंब.
‘गार हाय अजून,’ म्हणाला. एवढंच.

पहाटे तीन दहाला मुलगी.
दोनदा रडली, दोन्ही मांड्यांसाठी वेगवेगळी.

आज ती दहा महिन्यांची.
खिडकीत तिचं कार्ड ठेवलंय.
पोरगी माझाच कप बाकड्यावर बडवतेय.
पहिली रेघ आली.
तिच्या शेजारच्या जागेकडं बघत बसलेय मी.
पांढरी.
अजून पांढरी.