कच

निफाडचा पारा सहावर उतरला
की आमच्याकडे रस्ते उकरायला घेतात.
पावसाळ्यात वाहून गेलेलं सगळं
त्यांना डिसेंबरात आठवतं,
आणि सारूळच्या क्रशरवरून
पहाटे साडेपाचपासून हायवा सुटतात,
ताडपत्री नावापुरती,
एक कोपरा बांधलेला, तीन फडफडणारे.

मी अंबडला, पेंट शॉपमध्ये तपासनीस.
आठ तास पांढऱ्या दिव्यांच्या बोगद्यात
हातमोज्यातली बोटं फिरवते
दारांवरून, बॉनेटवरून.
धुळीचा कण, एखादा ओघळ,
संत्र्याच्या सालीसारखा उठलेला पट्टा,
दिसला की लाल पेन्सिलीनं गोल करायचा.
गाडी परत.
प्रायमर, रंग, वरचा पारदर्शक थर
सगळं मिळून केसाच्या जाडीएवढं.
एवढ्याशा भरवशावर लोक कर्ज काढतात.
मीही काढलं.
साठ हप्ते. मोरपिशी.

गाडी दारात लागली आणि सल्ले आले.
कोठावदे म्हणाले, फिल्म चढवून घ्या अख्खी,
पैसे जातील, पण झोप लागेल.
आईनं लिंबू-मिरची आणली.
द्वारकेचा मुश्ताक पेंटर म्हणाला,
फिल्म राहू द्या ताई, पंधरा दिवसांनी मेण चोळा,
फक्त कापड सुती पाहिजे, जुनं, शिवण उसवून.
भाऊ काहीच बोलला नाही.
भाऊ हायवा चालवतो.

जुनं सुती म्हणजे
कपाटाच्या तळाशी अण्णांचं बनियन होतं.
ते खाणीत सुरुंगाची भोकं पाडायचे.
मुश्ताकनं ते उजेडाकडे धरलं,
दोन बोटांत चोळून बघितलं.
याच्यात अजून कच आहे, म्हणाला,
यानं पुसलंत तर गाडीभर ओरखडे.
सात वर्षं झाली होती.
मी घडी घालून परत ठेवलं.
बाजारातून पिवळं फडकं आणलं, चाळीस रुपयांचं.

विल्होळीहून निघालं की पाथर्डी फाट्यापर्यंत
धुकं असतं या दिवसांत.
समोर हायवा, पाठीवर लिहिलेलं : अंतर ठेवा.
मी ठेवलं.
त्या अंतरात एक मोटारसायकल शिरली, मग एक रिक्षा,
मग दुधाच्या कॅनचा छोटा टेम्पो.
मी पुन्हा मागे सरले, पुन्हा कुणी शिरलं.
सुरक्षित जागा इथं
रिकामी राहू देत नाहीत कुणी.

टक्.

एवढाच आवाज.
कुकरची शिट्टी निसटून पडावी, तेवढाही नाही.
कंपनीच्या पार्किंगमध्ये मोबाइलच्या टॉर्चनं शोधला :
बॉनेटवर, डाव्या कडेला, राजगिऱ्याएवढा.
आत करडं प्रायमर. पत्रा दिसत नव्हता.
लाइनवर असता तर लाल गोल केला असता
आणि गाडी परत पाठवली असती.
कुठं पाठवणार?

जेवणाच्या सुट्टीत भावाला फोन लावला.
नंबर सांगितला, अर्धा वाचलेला.
तो म्हणाला, माझाही असेल, नसेलही.
ताडपत्री नीट बांधायची तर दहा मिनिटं जातात फेरीमागं,
संध्याकाळपर्यंत एक फेरी कमी भरते,
आणि मालक फेऱ्या मोजतो, ताडपत्री नाही मोजत.
तू मागं राहूच नको ना. काढायची पुढं.
कच खायची नाही.

बोलला आणि गियर टाकल्याचा आवाज आला.
आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

रविवारी मुश्ताकनं काडीच्या टोकानं
रंगाचा थेंब सोडला, वाट पाहिली, पुन्हा सोडला.
थंडीत उशिरा वाळतो, म्हणाला, घाई करू नका.
तिसऱ्या थेंबानंतर त्यालाही दिसेना.
मला दिसतो.
पगारच त्याचा घेते मी.

भोगीला भाऊ जेवायला आला.
बाजरीची भाकरी, तिळाचं कूट, गाजर-वांग्याची मिसळलेली भाजी.
हात धुऊन थेट गाडीपाशी गेला
आणि बॉनेटवर अख्खा पंजा ठेवला.
नखांत खडीची भुकटी होती, नेहमीची.
हात लावू नको, हे ओठांवर आलेलं
मी भाकरीच्या तुकड्याबरोबर गिळलं.
कुठं लागलं होतं? सापडेना.
मी त्याचं बोट धरून तिथं नेलं.

ओरखडा उठला असेल
तर सोमवारी बघू, दिव्याखाली.