चार मिलिमीटर

शुक्रवारपर्यंत कळवायचंय.
शेफील्डमधल्या लॅबच्या तळघरात
फ्रीज घरघरतो, त्यात आडवी निजलेली
माळावरल्या दलदलीची काळी माती,
पाइपातून उपसलेली, साडेतीन मीटर.
वर्षाला मिलिमीटरभर साचते.
म्हणजे पीएच.डी. चार मिलिमीटर.
रेंगाळली तर सहा.

ग्वेनेथचं सहावं चाललंय.
डब्यातले गार बीन्स खाता खाता
मान वर न करता म्हणाली, "नको करूस."
थकलेलं भाडं, संपलेलं फंडिंग,
गाईडचे रात्री दोनचे मेल,
आणि टिम, जो मार्चमध्ये सामान घेऊन गेला.
चमचा खाली न ठेवता सगळं सांगितलं.
मग म्हणाली, "इकडे ये, हे बघ,"
आणि सूक्ष्मदर्शकाखाली हेझेलचा एकच परागकण
दाखवत बसली पाऊण तास.
बीन्स तसेच.

मी इथली तंत्रज्ञ, वय एकोणचाळीस.
पगार महिनाअखेर न चुकता येतो,
विद्यावेतन त्याच्या निम्म्याहून थोडं वर.
सिन्नरहून दादा म्हणाला,
"चांगल्या नोकरीची माती करू नकोस."
मी हसले. तो का हसले विचारत राहिला,
सांगायला गेले तर कार्डातले पैसे संपले असते
अशी थाप मारली; आता कुठे कार्डं असतात.

सातची बस डोळ्यांदेखत गेली.
थांब्यावर फोन उघडून अर्ज बघते:
हे संशोधन का करायचंय? पाचशे शब्द.
नखात काळं काही अडकलंय,
तीनदा धुऊनही.
कुठल्या शतकाचं असेल,
तेवढंच बघून येऊ म्हणून
परत वळते.