हंगामाचं धुणं

ऑगस्टात एकोणतीस शर्ट मोजून दिले मला.
पांढरे. तांब्याच्या खाणीच्या गावाला पांढरे!
कुणा अध्यक्षाच्या बायकोची आवड म्हणे;
ती गेली, अध्यक्ष गेला, रंग राहिला.
लुफुबू रोव्हर्सचं धुणं माझ्याकडे, मी न्कांदू.
पोरं बामायो म्हणतात,
आणि मोजे उलटे करून टाकत नाहीत,
सतरा वर्षं सांगतेय.

लीग मला गुणतक्त्यातून कळत नाही,
बादलीतून कळते.
पाणी लाल झालं की सामना घरचा,
आमची माती धरलेलं सोडत नाही.
सिम्फुक्वेचा गोलकीपरचा शर्ट कोरा आला
तर समजावं, तो उडालाच नाही.
नोव्हेंबरात तीनदा कोरा आला.

गेल्या साली कप जिंकलो, पेनल्टीवर, जवळपास चुकून.
म्हणून यंदा खंडाची स्पर्धा.
मला ठाऊक होता तो पगारात पडणारा खंड.
हा वेगळा: बसने न्डोला, मग तीन विमानं,
आणि शर्टांची पेटी चौथ्याच देशात उतरली.
पोरं उसन्या शर्टांत खेळली, पाठीवर चिकटपट्टीचे आकडे.
तरी एक-एक.
म्वेल्वाने मारला. नऊ नंबर. बाहीने नाक पुसणारा.
डाव्या बाहीचा तो डाग
मी लिंबाने काढायची, तो पुन्हा आणायचा.

जानेवारीत त्याला विकला.
उत्तरेकडे, समुद्रकाठच्या क्लबाला.
त्या पैशांत चार महिन्यांचे थकलेले पगार निघाले,
माझाही. साबणासकट.
त्याचा शर्ट धुतला, इस्त्री केली,
आणि कपाटात सारला, माझ्या, घरच्या.

मार्चात चिठ्ठ्या निघाल्या. तोच क्लब.
तिकडे शून्य-तीन.
इकडे माणसं खाणीच्या काळ्या ढिगाऱ्यावर चढली,
पाळी संपवून थेट, हेल्मेटसकट.
आम्ही एक मारला. मग दुसरा.
नाचणाऱ्यांच्या पायांखालून खडे गडगडत
कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत आले.
आणखी एक, फक्त एक.
त्र्याऐंशीव्या मिनिटाला म्वेल्वा. डोकं. जाळी.
हात वर केले नाहीत त्याने.
बाहीने नाक पुसलं.
मैदान इतकं गप्प झालं
की खाणीच्या पंपाची घरघर ऐकू आली,
जी जन्मापासून चालू आहे
आणि कुणीच कधी ऐकली नव्हती.

संध्याकाळी टोपली मोजली: एकोणतीस.
हिशेब बरोबर.
वीज आठला जाणार होती, सगळं एकदम टाकलं.
अंधारात आठवलं, एक तर माझ्या कपाटात आहे.

सकाळी तारेवर अठ्ठावीस गुलाबी शर्ट
आणि शेवटी एक लाल, परक्या क्लबाचा.
न सांगता दारातून टाकून गेला होता.
बाही पाहिली मी.

कोच चिपिली बराच वेळ उभे.
"बामायो, नवे घ्यायला पैसे नाहीत."
"ठाऊक आहे."
"हे जाईल?"
"बारा धुण्यांत."
उरलेले सामने अकरा.

पहिल्याला समोरचे पोट धरून हसले,
हसता हसता दोन गोल खाल्ले.
नंतर कुणी हसलं नाही, आम्ही जिंकलोही नाही फारसे,
पण हरलो कमी. तळाच्या तिघांत गेलो नाही,
शेवटच्या दिवशी, दुसऱ्यांच्या कृपेने.

त्याआधीची एक गोष्ट राहिली.
नव्या पोराला, कासांबाला, नऊ नंबर हवा होता.
सतरा वर्षांचं पोर, कान मोठे, अजून नीट धावतही नाही.
कपाटातून काढला. पांढराशुभ्र.
गुलाबींत एकटा पांढरा रेफ्री चालू देणार नाही.
मग बादली भरली,
पाणी चांगलं कढत घेतलं,
आणि तो लाल शर्ट
या वेळी जाणूनबुजून
त्याच्यासोबत बुडवला.